टोबी क्रीकच्या गवतावर उतरलेलं विमान

जुनी झाले आहे मी, मित्रांनो. दोन पंखे, आठ खुर्च्या आणि गारांनी नाकावर पाडलेले खळगे, एवढीच माझी इस्टेट. विमान असूनही मी स्वतःला बाईमाणूस समजते, कारण माझा वैमानिक डेल्बर्ट वीम्स मला पहिल्या दिवसापासून ‘म्हातारे’ म्हणत आला. तेव्हा मी काही म्हातारी नव्हते. पण प्रेमाच्या हाकेपुढं वयाचा दाखला कुठं काढत बसायचं!

माझा जन्म विचिटाच्या कारखान्यात झाला. माझ्या पंखांतले पत्रे जोडणारे रिव्हेट दोन बायकांनी बसवले. एक बाहेरून ठोके द्यायची, दुसरी पंखाच्या पोटात शिरून लोखंडाचा ठोकळा धरून बसायची. बाहेरचीला आतली दिसत नसे. नुसत्या आवाजावर त्यांचं काम चाले. माणसं एकमेकांना न बघता एकमेकांवर किती विसंबतात, हे मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं.

आधी मी नेब्रास्कातल्या एका पशुखाद्याच्या व्यापाऱ्याकडे होते. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं मला हार्लन फोर्कच्या विद्यापीठाला देऊन टाकलं. त्यांनी माझ्या शेपटीवर जांभळा पट्टा ओढला आणि तेव्हापासून मी फुटबॉलची झाले. हार्लन फोर्कमध्ये शनिवारी सामना असला की न्हाव्याचं दुकानसुद्धा बंद असतं. लग्नाची तारीखही सामन्यांचं वेळापत्रक बघून ठरते.

माझं काम तसं साधं. लांबच्या गावी एखादं दांडगं, चपळ पोरगं आहे असं कळलं की कोचला घेऊन तिथं जायचं. कोच त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसायचा, तिनं भाजलेली सफरचंदाची पेस्ट्री खायचा आणि ‘तुमच्या मुलाला मी माझ्या मुलासारखं सांभाळीन’ असा शब्द द्यायचा. परतताना त्याच्या कोटाला दालचिनीचा वास यायचा. तो वास मला फार आवडे. मोसमाच्या आधी मला घासूनपुसून लख्ख करत. लहान मुलं कुंपणापलीकडून हात हलवत. ती माझी कौतुकाची वर्षं.

पण माझं नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी.

नोव्हेंबर संपत आला की आमच्याकडे देशभर कोचच्या खुर्च्या धडाधड रिकाम्या होतात. हरलेल्याला घरी पाठवतात. जिंकलेल्याला दुसरं विद्यापीठ पळवतं, म्हणजे त्याचीही खुर्ची रिकामी. मग एकेका चांगल्या कोचच्या दारात पाचपाच विद्यापीठं उभी. नावं गुप्त, भेटी गुप्त, सगळं गुप्त. फक्त विमान तेवढं गुप्त राहत नाही! शेपटीवरचा नंबर फोनवर टाकला की मी या घडीला कुठं उडते आहे ते कुणालाही दिसतं. त्या दिवसांत सगळं गाव फोन हातात धरून माझ्याच मागावर असे. मी तेल बदलायला गेले तरी लोक म्हणत, “अरे, ओमाहाला उतरली! ओमाहात कोण कोच राहतो रे?”

त्या वर्षी आमचीही खुर्ची रिकामी झाली. नवा कोच शोधायची जबाबदारी क्रीडा विभागाच्या प्रमुख लोर्ना हॅस्केट यांच्यावर होती. सपाट बुटांची, कमी बोलणारी बाई. सदा सूर्यफुलाच्या बिया चघळत असायची. तिला एकच माणूस हवा होता. नदीकाठच्या मिलर्स बेंड या छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजचा कोच, एमॉस रेडिक. त्याच्या हाताखालची पोरं खेळायचीच, पण शिकून पदवीही घ्यायची. मित्रांनो, हे वाटतं तेवढं सोपं नसतं.

पण रेडिक एका मोठ्या, श्रीमंत विद्यापीठालाही हवा होता. त्यांचं पांढरं शुभ्र जेट गुरुवारीच मिलर्स बेंडला जाऊन उतरलं.

झालं! आमच्या धावपट्टीच्या कुंपणापाशी गाव गोळा झालं. घडीच्या खुर्च्या, थर्मास, राजम्याची तिखट चिली आणि तिच्याबरोबर गोड दालचिनी रोल. मी हलते कधी याची सगळे वाट बघत होते. ट्रॅक्टरविक्या हॉइट ग्रिसम लोर्नाला गाठून म्हणाला, “अगं लोर्ना, त्यांची वरात दारात जाऊन उभी राहिली आणि तू इथं बिया चघळतेस? उडव की विमान!”

“शनिवारी त्याचा शेवटचा सामना आहे, हॉइट. आधी तो खेळू दे.”

“आणि कुठल्या विद्यापीठाकडून खेळायचं त्याच्या सह्या शाळेची पोरं बुधवारी करणार आहेत! कोच नसेल तर एकही आपल्याकडे येणार नाही. मग आम्ही तुला विचारू हं, बाई, तू खुर्चीवर कशाला बसलीस म्हणून.”

“विचारा,” लोर्ना म्हणाली आणि एक टरफल थुंकून निघून गेली.

ती बाई नुसती हट्टी नव्हती. तिला एक गोष्ट ठाऊक होती. रेडिकनं आपल्या पोरांना शब्द दिला होता, ‘मी कुठं जायचं ठरवलं तर सगळ्यांत आधी ते तुम्हाला कळेल, आणि माझ्या तोंडून कळेल.’ पण जेट दारात उभं राहिल्यावर त्या शब्दाचं काय होणार? पोरांनी फोनवर जेट पाहिलं. शनिवारी ती मान खाली घालून खेळली आणि थोडक्यात हरली.

रविवारी सकाळी रेडिकनं लोर्नाला फोन केला. डेल्बर्ट माझी चाकं तपासत होता आणि लोर्ना माझ्या पंखाखाली उभी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“जेटवाल्यांना मी नको म्हटलंय,” रेडिक म्हणाला. “ज्यांना माझ्या पोरांचा एक शनिवार धीर धरवला नाही, ते पुढं काय धरणार? तुम्ही आलात तर बोलू. पण चार वाजता पोरं जेवायला जमतात. मी त्यांना तिथं सांगणार. त्याआधी तुमचं विमान इथं दिसलं, तर मी येत नाही. वचन मोडल्याचं तोंड घेऊन मी कुठंच जात नाही.”

“चारनंतर येऊ,” लोर्ना म्हणाली.

आम्ही हिशेबानं निघालो. पण वारा कुणाचा हिशेब मानतो? पाठीमागून असा काही सुटला की मला पळवतच घेऊन निघाला. अर्ध्या वाटेत डेल्बर्टनं डोकं खाजवलं. “मॅडम, आपण फार लवकर पोचतोय. ही म्हातारी आज घोडी झालीये.”

“वर घिरट्या घाल.”

“मिलर्स बेंडवर घिरट्या? त्यापेक्षा दवंडी पिटलेली बरी!”

लोर्नानं खिडकीतून खाली पाहिलं. “जवळपास कुठं उतरता येईल?”

अशी मी टोबी क्रीकला उतरले. तिथं फक्त शेतावर औषध फवारणाऱ्या विमानांची गवताची पट्टी आणि धान्याचं कोठार. मला वाटलं, इथं आपल्याला कोण ओळखणार! पण मित्रांनो, हार्लन फोर्कचे लोक घरी बसून नकाशा बघत होतेच. टोबी क्रीकमध्ये विमान? तिथं कोण राहतं? शोधता शोधता एकाला सापडलं, तिथं व्हर्नन स्टकी नावाचा एक कोच आहे. शाळेच्या पोरांना शिकवायचा, निवृत्त होऊन जमाना झाला. अर्ध्या तासात राज्यभर बोंब! ‘लोर्नानं सत्तरीचा म्हातारा धरला!’ कुणी हसलं, कुणी कपाळ बडवलं. रेडिक अजून मोकळाच आहे असं वाटून जेटवाल्यांचा जीव मात्र भांड्यात पडला.

तेवढ्यात गवतातून एक पिकअप गाडी हळूहळू आली. तिच्यातून एक उंच, वाकलेले गृहस्थ उतरले. अंगात घट्ट झालेला सूट, गळ्यात टाय, केस पाण्यानं चापून बसवलेले. मागोमाग त्यांची बायको आयडा, हातात झाकलेलं ताट.

लोर्ना शिडीवरून उतरता उतरता थबकली. काय झालं असेल ते तिच्या क्षणात ध्यानात आलं. तिचा चेहरा असा पडला की मला माझी शिडी आत ओढून घ्यावीशी वाटली.

“कोच स्टकी,” ती म्हणाली. नाव तिनं तेवढ्यात डेल्बर्टच्या फोनवर वाचलं होतं. “मी तुम्हाला काय सांगू...”

“काही सांगू नका, बाई,” स्टकी हसले. “तुम्ही माझ्यासाठी आला नाहीत, एवढं मला कळतं. म्हातारा झालोय, खुळा नाही झालो. पण ही म्हणाली, जाऊन तर या.”

“सूट तरी एकदा बाहेर निघाला!” आयडा म्हणाल्या. “नाहीतर तो थेट यांच्या अंत्ययात्रेलाच निघाला असता.”

सगळे हसले. पण स्टकींनी टायची गाठ हलकेच सैल केली ते मी पाहिलं. तासाभरासाठी का होईना, त्यांनी मनातल्या मनात ती खुर्ची बघितली होती.

लोर्नाच्याही नजरेतून ते सुटलं नाही. ती गवतात त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं खरं ते सगळं सांगून टाकलं: रेडिक, त्याचा शब्द, चार वाजताचं जेवण. परक्या माणसावर एवढा विश्वास टाकायला छाती लागते. स्टकी ऐकत राहिले. मग म्हणाले, “पोरांना आधी सांगणार म्हणतो? मग माणूस बरा आहे तो.” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही पुन्हा उडाली की लोक पुन्हा बघणार. माझ्या गाडीत बसा. माझी गाडी कुणाच्या फोनवर दिसत नाही.”

“पण लोक तुमच्यावर हसताहेत, कोच.”

“हसू द्या. संध्याकाळपर्यंत हसतील. तोवर त्या पोरांकडे कुणी ढुंकून बघणार नाही.”

अशी ती दोघं गेली. मी, डेल्बर्ट आणि आयडा मागं राहिलो. ताटात तळलेली कोंबडी होती. आयडांचा फोन सारखा वाजत होता. एक पत्रकार ओरडून विचारत होता, “स्टकी आहेत का? विद्यापीठाशी बोलणी चाललीत का?”

“ते बाहेर गेलेत बाबा,” आयडा शांतपणे म्हणाल्या, “मोठ्या कामाला.” फोन ठेवून डेल्बर्टला म्हणाल्या, “एक शब्द तरी खोटा बोलले का मी?”

“छे! आणखी एक तंगडी वाढा.”

सूर्य कोठाराच्या टोकाला टेकला तेव्हा पिकअप परत आली. मागं रेडिकच्या सामानाची खोकी होती आणि पुढं तिघं दाटीवाटीनं बसले होते. एमॉस रेडिक खाली उतरला. रुंद खांद्यांचा माणूस, पण डोळे सुजून लाल झालेले. त्यानं स्टकींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “कोच,” तो एवढंच म्हणाला. आमच्याकडे हा शब्द नोकरी गेली तरी माणसाकडेच राहतो.

आम्ही उडालो. लोर्नानं कराराचा विषय काढला नाही. तिनं त्याच्या हातात आयडांनी बांधून दिलेली कोंबडी ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मग रेडिक आपणहून बोलायला लागला.

“आमचा एक पोरगा आहे, ल्यूथर. शनिवारी शेवटची किक त्यानंच हुकवली. मी सांगितलं तेव्हा सगळे रडले, चिडले, मिठ्या मारून झाल्या. हा मात्र कोपऱ्यात उभा. सगळे पांगल्यावर जवळ आला आणि म्हणाला, ‘कोच, तुम्ही माझ्या किकमुळं चाललात ना?’”

लोर्नानं त्याच्याकडे वळून पाहिलं.

“मी त्याला धरून बसलो. म्हटलं, नाही रे राजा. सामना जिंकला असतास तरी मी आज हेच सांगितलं असतं. तीनतीनदा सांगितलं, तेव्हा कुठं त्याच्या डोळ्यांत ते उतरलं.” रेडिक लोर्नाकडे वळला. “बाई, हेच त्याला फोनवर कळलं असतं, तर त्यानं हा प्रश्न कुणाला विचारला असता?”

मित्रांनो, त्या दिवशी पोटात आठ माणसं असल्यासारखी मी जड झाले होते, पण इतकी अलगद मी कधीच उतरले नाही. कुंपणापाशी सगळं गाव उभं होतं. हॉइट ग्रिसमनं रेडिकला पाहिलं आणि तोंडाचा चंबू केला. “मग तो स्टकी कोण होता?” त्यानं विचारलं.

“आज त्यांच्याएवढा मोठा कोच अख्ख्या राज्यात नव्हता,” लोर्ना म्हणाली.

आता विद्यापीठाकडे नवं जेट आहे. मी मागच्या शेडमध्ये असते. माझ्या पंख्यात चिमण्या घरटं करतात आणि डेल्बर्ट काठी टेकत येऊन त्यांना रागावतो, पण घरटं काही काढत नाही. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी एक मागणं आहे तुमच्याकडे. दुसऱ्याच्या आयुष्यातली मोठी बातमी कधी तुम्हाला आधी दिसली, तर ती हातावर पाखरू बसल्यासारखी धरून ठेवा. आवळू नका, भिरकावूही नका. ज्याची ती बातमी आहे त्या माणसाला ती सांगायला वेळेवर पोचू द्या. ज्याला ती सांगायची आहे, त्याच्या मनात कदाचित एक प्रश्न असेल. तो विचारायला त्याच्यासमोर कुणीतरी उभं असायला हवं.