चार शुभवर्तमानांबाहेरच्या चिमण्या

प्लेगात गेलेल्या लेकीला जालन्याच्या ख्रिस्ती कब्रस्तानात पुरताना सोनूबाईनं खड्ड्यात मातीच्या चिमण्या सोडल्या. बाळ येशूनं अशाच चिमण्यांवर फुंकर मारली अन् त्या उडाल्या, हे तिला सगुणाबाईनं सांगितलं होतं. सगुणाबाई मिशनतर्फे गावोगाव येशूच्या गोष्टी सांगायची. ही गोष्ट मात्र तिनं शेजारच्या मुसलमान खालाकडून ऐकली होती अन् आवडली म्हणून बायबलातल्या शुभवर्तमानातली आहे असं सांगून बिनदिक्कत खपवली होती.

"काढा त्या," दफनाची प्रार्थना म्हणायला आलेले पाळकसाहेब म्हणाले. "कुराणात असेल, जुन्या एका पोथीतही आहे. पण आपल्या चार शुभवर्तमानांत नाही. ती पोथी ख्रिस्ती मंडळीनं फार पूर्वीच नाकारली."

"ऱ्हाऊ द्या की साहेब," सगुणाबाई पुटपुटली. "पोर उठंल म्हनून आईनं आस धरली."

"त्याच पोथीत बाळ येशूला एका पोराचा धक्का लागतो. येशू रागानं शाप देतो, अन् ते पोर जागीच मरतं. असला येशू आपला आहे का?"

सगुणाबाईची मान खाली गेली. सोनूबाईनं मात्र डोळे पुसले.

"मंग ती पोथी का टाकली, साहेब?" ती म्हणाली. "माझ्या दारात तर तोच आल्ता."