चौथा रकाना

“मेकॅनिक खाली थांबलेत का?” दार उघडणाऱ्या बाईंनी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहत विचारलं.

“मीच मेकॅनिक,” ती म्हणाली आणि शिडी भिंतीला टेकवली. बावीस वर्षांत हा प्रश्न तिने इतक्या दारांत ऐकला होता की आता रागही येत नसे.

“बरं, या. पण आधीच सांगते, एसीला काही झालेलं नाही. तुमच्या आधी तिघे येऊन गेले. एकाने फिल्टर धुतला, दुसऱ्याने गॅस भरला, तिसऱ्याने तो जास्त झाला म्हणून काढला. बाबांच्या समाधानासाठी बोलावलंय फक्त.” बाईंनी आवाज खाली आणला. “आई गेल्यापासून त्यांचं हे असं चाललंय. रविवारी त्यांना एका निवासी केंद्रात नेतेय. तिथे डॉक्टर असतात.”

“मला अजून ऐकू येतं,” आतून आवाज आला. “आणि खोलीत एकतीस आहे.”

बाबा खिडकीपाशी बसले होते. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते पस्तीस वर्षं सहायक होते. मुलं पाठीमागे त्यांना ‘पारा’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. इतर लोक खिशाला पेन लावतात, तिथे त्यांच्या खिशाला थर्मामीटर होता. समोरच्या टेबलावर केंद्राचा फॉर्म पडला होता. सगळा भरलेला, फक्त सहीची जागा रिकामी.

“दोन्ही रिमोट द्या,” मेकॅनिकबाई म्हणाली. दोन एसी असलेल्या कुठल्याही घरात तिचं पहिलं वाक्य हेच असे. इथे दोन खोल्यांत दोन एसी होते आणि दोघांचं मिळून मागच्या बाल्कनीत एकच बाहेरचं यंत्र. तिने दोन्ही एसी सुरू केले. दहा मिनिटांत बाबांच्या खोलीत गार झोत येऊ लागला. तिने हात धरून पाहिला, मग मीटर धरून पाहिला. झोत चौदा अंशांचा होता. तक्रारीला जागाच नव्हती.

“बघा,” मुलगी म्हणाली.

बाबा शांतपणे म्हणाले, “तुम्ही गेलात की बंद पडेल.”

“बाबा, कोण आलं, कोण गेलं, हे यंत्राला कसं कळणार?”

“मला नाही माहीत. म्हणून तर लिहून ठेवलंय.” त्यांनी एक वही पुढे केली. “त्या तिघांनाही दिली होती. एकाने तिच्यावर चहाचा कप ठेवला.”

वहीच्या पुठ्ठ्यावर खरोखरच एक तपकिरी वर्तुळ होतं. आत पट्टीने आखलेले चार रकाने होते. तारीख आणि वेळ. बाहेरचं तापमान. खोलीचं तापमान. आणि चौथा, ‘घरी कोण’. मेकॅनिकबाई खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. मी एकटा, एकतीस. मी एकटा, तीस. मुलगी मुक्कामाला, चोवीस. मी एकटा, एकतीस. मेकॅनिक पहिला, चोवीस. मी एकटा, बत्तीस. साडेतीन महिन्यांची पानं होती आणि एकाही ओळीत अपवाद नव्हता.

“तेच म्हणतेय मी,” मुलगी खांद्यावरून डोकावत म्हणाली. “एकटे असले की त्यांना उकडतं. डॉक्टर म्हणाले, एकटेपणात होतं असं. घुसमट होते माणसाची.”

“माणसाची होते,” बाबा म्हणाले. “पाऱ्याची नाही होत.”

“आणि ते दुसरं? तेही सांगा ना यांना. आईच्या बंद खोलीत आपोआप गारवा येतो म्हणतात. फरशीवर पाणी असतं म्हणतात. पाणी मीही पाहिलंय एकदा.” ती थांबली. “या वयात होतं असं. मी काही बोलले नाही.”

बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

मेकॅनिकबाईने वही मिटली नाही, बोट पानावरच ठेवलं. “काका, एकटे असता तेव्हा काकूंच्या खोलीतला एसी चालू असतो की बंद?”

“बंद. कुणासाठी लावायचा?”

“आणि ताई मुक्कामाला येतात तेव्हा?”

“मी आईच्या खोलीत झोपते,” मुलगी म्हणाली. “लावते की.”

“काकू होत्या तेव्हा?”

“दोन्ही चालायचे,” बाबा म्हणाले. “मी घोरतो. तिने तीस वर्षं सोसलं, मग म्हणाली, आता मला माझी खोली पाहिजे.”

मेकॅनिकबाई उठली. दोन्ही रिमोट द्या. ती हे वाक्य म्हणत आली होती, आधीचे तिघेही हेच म्हणाले असणार. या धंद्यातला प्रत्येक जण तपासायला आला की आधी सगळं चालू करतो. तिने काकूंच्या खोलीतला एसी बंद केला आणि बाबांच्या खोलीतला तसाच चालू ठेवला.

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” ते म्हणाले.

“हो काका. तुम्ही आकडे सांगा.”

वीस मिनिटं तिघं त्या खोलीतच थांबले. यंत्र फुरफुरत होतं, झडप उघडी होती, वाराही येत होता. पण तो खोलीतलीच हवा फिरवत होता. “सव्वीस,” बाबा म्हणाले. मग “अठ्ठावीस.” मग एकोणतीस. मुलगी उन्हाचा पडदा ओढून पाहत होती, दार लावून पाहत होती. तीस झाले तसे बाबांचे डोळे चमकायला लागले. उकाडा वाढतोय म्हणून इतका खूश झालेला माणूस मेकॅनिकबाईने आजवर पाहिला नव्हता.

तिने शिडी उचलून बंद खोलीत नेली, तिथल्या एसीचं झाकण वर केलं आणि खाली उतरली. “ताई, वर चढा. हात लावा.”

“बंद आहे तो.”

“लावा तर.”

मुलगी चढली. झाकणाखालच्या पत्र्यांवर पांढरं हिम धरलं होतं. तिने बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. तेवढ्यात एक थेंब सुटून फरशीवर पडला. शिडीवरूनच ती त्या थेंबाकडे बराच वेळ पाहत राहिली.

“बाबा, तुम्ही हे पाणी…”

“पुसून टाकायचो,” बाबा म्हणाले. “तुला उगाच काळजी नको.”

बाल्कनीत मेकॅनिकबाईने मुख्य बटण बंद केलं. आतली उरलेली वीज उतरेपर्यंत घड्याळ पाहत पाच मिनिटं थांबली आणि मग बाहेरच्या यंत्राचं झाकण काढलं. नळ्या बरोबर होत्या. एक नंबरची बाबांच्या खोलीकडे, दोन नंबरची काकूंच्या. मग तिची नजर वायरींच्या टोकांवर गेली. प्रत्येक टोकावर नेलपॉलिशचा एकेक ठिपका होता. एक नंबरवर मरून, दोन नंबरवर लाल.

नेलपॉलिशने वायरींवर खुणा करून ठेवायची सवय सगळ्या शहरात एकाच मेकॅनिकची होती. तिने झाकण उलटं करून पाहिलं. पेन्सिलीने आठ वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि खाली छोटी चांदणी. तिचीच.

मग सगळं आठवलं. दिवे लागायची वेळ होती, बाल्कनीतला बल्ब अजून बसायचा होता. तिच्या पिशवीत लाल रंगाची एकच बाटली होती. घरातल्या बाई तेव्हा एकट्याच होत्या. त्या आत गेल्या आणि स्वतःच्या कपाटातली बाटली घेऊन आल्या. “हा घे. माझा पक्का आहे, भांडी घासूनही जात नाही.” “लाल ह्यांच्या खोलीचा, मरून माझ्या,” असं त्यांनीच हसत ठरवलं होतं. त्या संधिप्रकाशात दोन्ही ठिपके काळेच दिसत होते. जोडणी झाली आणि ती आत येऊन म्हणाली होती, दोन्ही रिमोट द्या. दोन्ही खोल्या गार झाल्या होत्या.

मागे बापलेक उभे होते. ‘कुणीतरी वायरी उलट्या लावल्यात’ एवढं बोललं असतं तरी भागलं असतं.

“ही चूक माझी आहे,” ती म्हणाली. “हे यंत्र आठ वर्षांपूर्वी मी बसवलं. वायरींची अदलाबदल केली मी. काकांनी एसी लावला की गारवा काकूंच्या खोलीत जातो. दोन्ही चालू असले तर कळत नाही.”

“म्हणजे तुमच्यामुळे मी बाबांना…” मुलगी म्हणाली.

“हो,” मेकॅनिकबाई म्हणाली.

बाबा चष्मा वर करून यंत्राजवळ वाकले. “म्हणजे इतकी वर्षं बटण मी दाबायचो आणि गार तिला व्हायचं?”

“आणि त्यांनी दाबलं की तुम्हाला.”

त्यांचे खांदे हलू लागले. मुलगी घाबरून पुढे झाली, पण ते हसत होते. “आणि ती म्हणायची, तुम्हाला माझं काही कळत नाही!” त्यांनी डोळे पुसले आणि बोटाने मरून ठिपका दाखवला. “हा रंग तिचा.”

“त्यांनीच दिला होता.”

तिने वायरी सोडवून आपापल्या जागी लावल्या आणि जुने ठिपके खरवडायला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

“अं हं,” बाबा म्हणाले. “पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, चूक खोडायची नाही. शेजारी बरोबर ते लिहायचं. चूक वाचता आली पाहिजे.”

मग तिने ठिपक्यांशेजारी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर एक आणि दोन लिहिलं.

“आता तुम्ही दोघी बाहेर जा,” बाबा म्हणाले. “अर्धा तास. माझाच एसी लागेल, तिचा बंद. एकटा असतानाच मोजायचंय.”

दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. मुलगी म्हणाली, “मी रोज फोन करायचे. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, सगळं विचारायचे. वही नाही बघितली कधी.”

“मीही आधी रिमोटच मागितले,” मेकॅनिकबाई म्हणाली.

दार धाडकन उघडलं. “चोवीस!” बाबा ओरडले. शेजारचं दार किलकिलं झालं, त्यातून एक डोकं बाहेर आलं. त्या डोक्यालाही त्यांनी थर्मामीटर दाखवला. “चोवीस!”

“बाबा, रविवारी…” मुलगी म्हणाली.

“रविवारी मला जमणार नाही. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढत नाहीत. निदान आठवडाभर मोजावं लागेल.”

“आठवडाभर कशाला, वर्षभर मोजा,” मुलगी म्हणाली. आत जाऊन तिने टेबलावरचा फॉर्म उलटा केला, पट्टी मागितली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखायला बसली. वहीतलं शेवटचं पान भरत आलं होतं.

शिडी न्यायला मेकॅनिकबाई आत आली. काकूंच्या खोलीचं दार उघडं होतं, फरशी कोरडी होती. वही खिडकीपाशी उघडी पडली होती, शाई अजून ओली होती. तारीख, वेळ, बाहेर सदतीस, खोलीत चोवीस. आणि चौथ्या रकान्यात, प्रयोगवहीत लिहितात तशा सरळ, न थरथरलेल्या अक्षरात, ‘मी एकटा’.