अर्धाच सांगितलेला चमत्कार

श्यामलालवर देवाने चमत्कार केला होता, आणि तो ऐकल्याशिवाय गावात कुणाची सुटका नव्हती. कार्तिकातल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काला व्हायचा, पंगतीचा भात अजून शिजायचा असायचा. मग कुणीतरी म्हातारा म्हणायचा, "सांग गा श्यामलाल, तेवढाच वेळ जाईन." आढेवेढे घेणं श्यामलालला जमतच नव्हतं.

गोष्ट अशी. छप्पन साली तो गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कामाला होता. रोज सकाळी इंजिन सुरू होण्याआधी पुलीला कुंकू लावून फूल वाहायचं, हा तिथला नेम. होळीच्या आदल्या दिवशी श्यामलालला उशीर झाला. पोचला तेव्हा इंजिन सुरू, पट्टा गरगरतोय. शहाणा माणूस लांबूनच हात जोडून कामाला लागला असता. पण हा पडला भक्त! याने चालत्या पुलीवर जास्वंद वाहायला हात पुढे केला. पुलीने फूल घेतलं, बाही घेतली आणि हातही ओढून घेतला.

"तेवढ्यात देवानं पट्टा उतरवला!" इथे श्यामलाल डोळे मिटायचा. "दोन बोटं गेली म्हना. देवाले यायले जरा उशीर झाला. पन मीबी कुठं वेळेवर गेलो होतो?"

लोक पोट धरून हसायचे. गोष्ट दरसाल वाढत होती. पहिल्या वर्षी नुसता उजेड पडला, दुसऱ्या वर्षी शंख वाजला, आणि यंदा तर साक्षात मारुतीराय मिलमध्ये आले. "पुढच्या साली आख्खी वानरसेना आना," त्याची बायको शकुंतलाबाई बायकांतून ओरडली. आपण किती फेकतो, हे श्यामलाललाही कळत होतं. पण त्याला त्या गोष्टीत एक माणूस झाकायचा होता, आणि दरसाल तो पुरता झाकला जात नव्हता.

हसणं थांबलं, तशी मागून एक बाई उभी राहिली. देवरीकडून धानकापणीला आलेल्या मजूर बायांपैकी ती होती. नाव फुलवंता.

"हे कोनत्या मिलमधी झालं जी?"

श्यामलालने मिल सांगितली.

"होळीच्या आदल्या दिवशी?"

"हो."

"माझा माणूस त्याच दिवशी, तिथंच गेला. जंगलू. मालक म्हने, बिनहुकमानं पट्ट्याले हात लावला, त्याचीच चुकी. तुमी पाह्यलं का जी त्याले?"

देवाची साक्ष देत फिरणाऱ्या या वीराने तेव्हा मालकासमोर सांगितलं होतं, मी बेशुद्ध होतो, काही पाहिलं नाही. नोकरी जाऊ नये म्हणून. ती तशीही गेलीच; दोन बोटं कमी असलेला हमाल कोण ठेवतो? देव चांगला आहे हे तो चारचौघांत ओरडून सांगायचा, ते खरं तर स्वतःला पटावं म्हणून. चांगला आहे, तर जंगलू का मेला, हे त्याला कधी उलगडलं नव्हतं. आताही 'नाही' म्हणता आलं असतं. सवय होतीच.

"पाह्यलं, बाई," तो म्हणाला. "मारुती-बिरुती कोनी नव्हता. सारे ओरडून राहिले होते, तुमचा माणूस एकटा बांबू घेऊन धावला. त्यानं पट्टा पाडला. पट्टा उसळला आन् त्याच्या कपाळाले लागला. मी वाचलो. मी समदं पाह्यलं, आन् नाही पाह्यलं म्हनलो."

आता ही शिव्या देईल, असं श्यामलालला वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं.

"देव चांगला आहे म्हनून मी सांगून राहिलो होतो," तो पुटपुटला. "मले आता तोंड नाही."

फुलवंताने पदराने डोळे पुसले.

"देव चांगलाच आहे जी. त्या दिवशी त्याच्यापाशी तुमच्या मदतीले पाठवाले माझाच माणूस होता."

ती बायकांमधून वाट काढत पुढे आली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"म्हंजे त्याची चुकी नव्हती," ती म्हणाली. "मंग पुन्हा सांगा. तो धावला, तिथून सांगा."