बंद दारांच्या तारखा

तुडतुडीला घरीदारी सगळे तुडतुडीच म्हणत, आणि तिला ते आवडेही. स्पर्धेत तिचं अ‍ॅप अंतिम फेरीत गेल्यापासून तर स्वारी हवेतच होती. जवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह कुठे, हे सांगणारं अ‍ॅप! पोरं फिदीफिदी हसली होती. परीक्षक हसले नाहीत. आता अख्खी शाळा ते वापरत होती.

मूळ यादी मात्र टपालकाकांची. समोर राहणारे निवृत्त पोस्टमन, मधुमेहानं बेजार. त्यांनी आणि त्यांच्या चार दोस्तांनी गल्लीबोळ पालथे घालून ती केलेली, इंटरनेटवर सर्वांना मोकळी ठेवलेली. अट एकच: खुशाल वापरा, पण सुधारून लोकांपुढे मांडलीत, तर सुधारलेली यादीही अशीच मोकळी ठेवा.

तुडतुडीनं ‘मान्य’वर टिचकी मारली, सायकल काढली आणि एकसष्ट चुका शोधल्या. कुठे कुलूप, कुठे नुसतं जोतं उरलेलं. आणि त्या दुरुस्त्या पासवर्डमागे दडवल्या. दुसऱ्या शाळेनं उचलल्या तर?

“दादा, ती अट मला लागू होते का रे?” तिनं वकिली शिकणाऱ्या चुलतभावाला विचारलं होतं.

“त्यांच्याच यादीत बदल केलेस तर होते. तुझी वेगळी यादी शेजारी ठेवलीस, तर वाद घालता येईल.”

“म्हणजे नक्की नाही!”

“तू नक्की काय केलंयस ते सांग ना आधी.”

ते तिनं सांगितलं नाही. ‘वाद घालता येईल’ एवढंच उशाला घेऊन ती तीन आठवडे ढाराढूर झोपली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या भिंतीशी टपालकाका दिसले. कापडी पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरलेली. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

“तू होय! जा गं, जा तू पुढे.” मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “मागचं बंद केलंय. यादीत उघडं आहे. चौतीस वर्षं एक पत्ता चुकलो नाही, आणि स्वतःच्याच यादीनं तोंडघशी पाडलं बघ.”

नोंद तेवीस. त्या कुलपाचा फोटो काढताना तिनं आनंदानं उडी मारली होती. आता तिनं स्वेटर काढून त्यांच्या कमरेला बांधायला दिला आणि घरापर्यंत त्यांच्या मागून चालत राहिली, मान खाली घालून.

घरी येताच तिनं काकांची यादी उघडली आणि आपल्या दुरुस्त्या तीत चढवायला घेतल्या. प्रत्येक दुरुस्तीपुढे एक रकाना होता: केव्हा आढळलं? तिनं आजची तारीख टाकली. कोणाला कळणार होतं? उलट काका म्हणतील, ‘किती चटकन शोधलंस गं!’ नुसत्या कल्पनेनंच तिचे कान तापले. तिनं ती तारीख खोडली आणि एकसष्टच्या एकसष्ट खऱ्या तारखा भरल्या. अंतिम फेरी परवा होती, असू दे.

दहा मिनिटांत काकांचा मेसेज: ‘क्रमांक तेवीस. तारीख बरोबर आहे?’

‘हो’ लिहून तिनं पुसलं, चपला अडकवल्या आणि समोरचं दार वाजवलं. दोरीवर पँट वाळत होती, शेजारी तिचा स्वेटर, धुतलेला.

“बरोबर आहे, काका. मला ठाऊक होतं.”

इतक्या हळू ती जन्मात बोलली नव्हती. काकांनी दोरीकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाले.

“आत ये. बाकीच्या साठ वाच. तारखांसकट.”