खरं अंडं जरा दगडासारखं दिसतं

बाबा गेल्यावर दोन महिन्यांत त्यांच्या संग्रहालयाने बरीच प्रगती केली. पूर्वी मुळशीत मालेच्या रस्त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि 'जीवाश्म संग्रहालय' अशी त्यांच्या अक्षरातली पाटी. आता दारातच वीस फुटी फायबरचा डायनासोर उभा आहे. दर दहा मिनिटांनी तो ओरडतो. वीज गेली की मध्येच गप्प होतो, तेवढाच काय तो नैसर्गिक वाटतो.

जागा शेजारच्या रिसॉर्टची झाली होती. आतला संग्रह मात्र माझ्या नावावर होता, आणि त्याच्या दानपत्रावर सही करायला मी पुण्याहून आले होते. अट एकच घातली होती: डायनासोरचं खरं अंडं शाळेच्या मुलांना हातात मिळालं पाहिजे. नर्मदेकाठचं ते अंडं नारळाएवढं आणि दगड झालेलं. बाबा भूगोलाचे मास्तर. आलेल्या प्रत्येक मुलाच्या ओंजळीत ते मिनिटभर द्यायचे. "दोन्ही हातांनी धर," एवढंच म्हणायचे. त्याआधी मात्र सगळ्यांना बजावायचे की मुळशीत डायनासोर कधी सापडलेला नाही, इथला सगळा दगड लाव्हाचा आहे. गिऱ्हाइकाची दारातच निराशा करणारा असा माणूस पर्यटनाच्या धंद्यात दुसरा झाला नसावा.

त्या दिवशी उरवड्याच्या शाळेची सहल आली होती. माइक घेतलेला गाइड मुलांना सांगत होता की डायनासोर आपल्या मुळशी धरणावर पाणी प्यायला यायचे. धरण शंभर वर्षांचं आहे. बहुधा उद्घाटनाला आले असतील. मुलं ते वहीत उतरवून घेत होती, कारण त्यांच्या शिक्षिका हेमलताबाई उद्या त्यावर निबंध घेणार होत्या.

काचेच्या पेटीत एक पांढरंशुभ्र अंडं होतं. त्यातून फायबरचं पिल्लू डोकं काढून हसत होतं. मी व्यवस्थापकांना, निरंजन त्यांचं नाव, खऱ्या अंड्याबद्दल विचारलं.

"मॅडम, खरं अंडं जरा दगडासारखं दिसतं," ते नम्रपणे म्हणाले. "मुलं नाराज होतात."

ते कुठे आहे, हे त्यांना पाहून सांगावं लागणार होतं. ते पाहायला गेले आणि मी मागच्या बाजूला गेले. तिथे सारजाबाई झाडत होत्या. पहिल्या दिवसापासून इथली झाडलोट त्यांचीच. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि मला आपल्या खोलीत नेलं.

कोनाड्यात धुतलेल्या पंच्यावर अंडं होतं. वर तगरीचं एक फूल.

"दाराला अडकण म्हनून लावलं व्हतं ह्या नव्या लोकांनी," त्या म्हणाल्या. "मी उचललं."

सारजाबाई त्याला देव मानायच्या, आणि कुंकवावरून बाबांचा त्यांच्याशी पंधरा वर्षं वाद चालला होता. मी अंडं फिरवून पाहिलं. कुठेही लाल डाग नव्हता.

"कुंकू नाही लावलं?"

"सर म्हनायचे, त्यानं दगड खराब हुतो. म्हनून नुसतं फूल ठिवते."

मी फूल तिथेच ठेवून अंडं उचललं.

ऑफिसात दानपत्राच्या यादीत पहिल्या क्रमांकावर अंडं होतं. ती ओळ खोडून मी शेजारी लिहिलं, 'हे दिलेलं नाही. ताबा सारजाबाईंकडे. शाळा आली की मुलांच्या हातात देतील.' बाकीच्यावर सही केली.

निरंजननी वाचलं. "मॅडम, बाई त्याला देव समजते."

"चालेल," मी म्हटलं. "तुम्ही अडकण समजता."

बाहेर मुलं डबे खाऊन ओळीत बसली होती. मुळशीत डायनासोर नव्हते, असं मी त्यांना सांगितलं. हेमलताबाईंच्या चेहऱ्यावर उद्याचा निबंध कोसळताना दिसला. पहिल्या मुलीचं नाव सोनम. तिने अंड्याकडे संशयाने पाहिलं.

"ह्यो तर दगूड हाय."

"आता आहे," मी म्हटलं.

तिने एक हात पुढे केला. माझ्या मागून सारजाबाई म्हणाल्या, "दोन्ही हातांनी धर."