मेहुणा मागच्या दाराने

भट्टीतून पहिली पावाची लादी निघाली की ती विकायची नाही, हजर असेल त्याने मोडून खायची. सासऱ्यांनी बेकरीत घातलेला शिरस्ता. त्या सकाळी लादी निघाली, सुनेचा भाऊ दारात उभा होता, आणि सासूबाईंनी ती फडक्याखाली झाकली.

"निवू दे जरा," त्या म्हणाल्या.

निवलेली लादी त्या घरात कधी कुणी खाल्ली नव्हती.

भाऊ इस्पितळात कामाला, एवढंच सासरी ठाऊक होतं. गेल्या महिन्यात सासरे ट्रकखाली सापडले, तेव्हा कळलं की तो मुडदेघरात असतो. त्यानेच त्यांना शिवलं, धुतलं, केस विंचरले. म्हणून तर सासूबाईंना नवऱ्याचं तोंड बघता आलं. तेव्हा त्याचेच हात धरून रडल्या. दुखवटा सरला आणि त्याच हातांची किळस यायला लागली. गिऱ्हाइकांतही कुजबुज सुरू झाली.

"दादा, आत ये," सून म्हणाली.

"नको गं, घाईत आहे."

"कसली घाई? तुझी माणसं कुठे पळून चाललीत?"

भाऊ हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

तिने फडकं ओढलं, लादी मोडली. एक तुकडा भावाला दिला, दुसरा गल्ल्यावर बसलेल्या आपल्या नवऱ्यापुढे धरला. "घ्या."

त्याने आईकडे बघितलं. "भूक नाही मला."

"भुकेचं कोण विचारतंय?"

"अगं, धंदा आहे. लोक नावं ठेवतात," सासूबाई म्हणाल्या. "त्याने यावं की, पण मागच्या दाराने. मी काय वाईट सांगतेय?"

सुनेने पिठाचे हात पुसले. "मामंजींना त्याने पुढच्या दाराने घरी आणलं होतं. माझ्या भावाला तिथूनच आत घ्याल, त्या दिवशी मी येईन."

भावंडं निघून गेली. थोड्या वेळाने शेजारच्या मास्तरीणबाई पाव न्यायला आल्या.

"सूनबाई दिसत नाही?"

"माहेरी गेलीय," नवरा म्हणाला.

"बरंच झालं म्हणा." बाईंनी आवाज खाली आणला. "आता निर्धास्त पाव नेता येईल."

त्याचे ओठ हललेसुद्धा. पण त्याने पाव कागदात गुंडाळले आणि म्हणाला, "हो."

सासूला शिव्या घालणं सोपं आहे, खुशाल घाला. ही किळस पोसली जाते ती नवऱ्याच्या त्या मऊ, सभ्य 'हो'वर. दुकानात, ऑफिसात, चारचौघांत आपण तो किती वेळा म्हटलाय, ते ज्याचं त्याने आठवावं. लाज वाटली, तर बायको आणायला निघालेल्या माणसासारखं उठावं. हा नवरा अजून गल्ल्यावर बसलाय.