टाळ्यांनी बिथरलेली भिंत

फिजीतल्या त्या बंदराच्या रेडिओखोलीत भिंतभर पडदा बसवला आणि केलेराचं डोकं फिरलं. वीस वर्षं ही बाई कागदी नकाशा अन् रेडिओच्या जिवावर बोटी प्रवाळाच्या खडकांतून आत घेत होती. आता म्हणे हवेत हात हलवायचे! पंजा उघडला की नकाशा मोठा, दोन्ही हात जवळ आणले की लहान. पडदा बसवायला सिडनीहून आलेला ब्रेंडन दिवसभर पडद्यापुढं उभा राहून माश्या हाकलल्यासारखं करायचा.

"हात जरा सरळ ठेवा, बाई."

"माझे हात सरळच आहेत. तुझी भिंत तिरळी आहे."

सकाळी सुव्याहून मंत्री आले, उद्घाटनाला. पडद्यापुढंच चटई टाकली, यांगोनाची, म्हणजे मुळं कुटून केलेल्या मानाच्या पेयाची, लाकडी परात मांडली. म्हातारे एपेली करवंटीनं वाढायला परातीशी बसले. ब्रेंडन घाबरा झाला. बंदरप्रमुख मुनसामींच्या कानाशी लागला, "साहेब, टाळ्या नकोत. पडदा हातच वाचतो."

"मंत्र्यांनी करवंटी रिकामी करायची अन् आम्ही हात मांडीखाली घालून बसायचं? मला नोकरी टिकवायचीय बाबा."

तेवढ्यात केलेराच्या मांडीवरचा रेडिओ खरखरला. बोटीवरून तिचा आत्तेभाऊ साकिउसा बोलत होता.

"केले, ऊन थेट डोळ्यांत येतंय. खडकावरची खुणेची काठी परवाच्या लाटेत गेली. सत्तेचाळीस माणसं आहेत बोटीत, अन् ओहोटी लागलीय. डावीकडं किती?"

केलेरानं पडद्यावरचा बोटीचा ठिपका बघितला. "थोडा डावीकडं. हळू ये. सांगते पुढचं."

मंत्र्यांनी करवंटी तोंडाला लावली, संपवली. आणि सगळ्यांनी रिवाजाप्रमाणं पंजे पोकळ करून तीन टाळ्या दिल्या.

पहिल्या टाळीला पडद्यावरचा बंदराचा धक्का हत्तीएवढा झाला. दुसरीला अख्खं फिजी दिसलं. तिसरीला नुसता समुद्र, अन् बोट लिखेएवढीसुद्धा उरली नाही. ब्रेंडन उठून दोन्ही हात फिरवायला लागला, तसा नकाशा गरगरला.

"खाली बस!" एपेली गुरगुरले. "करवंटी फिरतेय."

ब्रेंडन मटकन बसला. पुढची करवंटी मुनसामींकडं निघाली.

"केले? अगं ए! डावीकडं किती?"

करवंटी फिरत असताना मधेच उठणं म्हणजे निलाजरेपणा. केलेरानं जन्मात केला नव्हता. पण त्या सत्तेचाळिसांत लेकुरवाळ्या होत्या. ती कमरेत वाकली, "तिलोउ, तिलोउ" असं माफीचं पुटपुटत चटईच्या कडेनं सरकली आणि रेडिओ घेऊन ओसरीवर आली.

ऊन तिच्या पाठीशी होतं. पाणी आरपार दिसत होतं: निळं, हिरवं, मग तपकिरी खडक. बोटीचं नाक तपकिरीकडंच!

"थांब, गाढवा! इंजिन मागं घे!"

"घेतलं, घेतलं! ओरडू नकोस, बायको ऐकतेय."

"ऐकू दे. तिलाही कळू दे कुणाशी लग्न केलंय. आता उजवीकडं. अजून. अजून रे! बास. सरळ ये आता, सासरी जेवायला निघाल्यासारखा."

बोट खडकाला न खेटता आत आली. लेकरं, दालोच्या कंदांच्या गोण्या, कोंबड्या, सगळं धक्क्यावर उतरलं. तेव्हा कुठं केलेरानं रेडिओ तोंडापासून खाली घेतला.

ती दारात आली तर मंत्र्यांचं भाषण चालू होतं. "हा पडदा नसता, तर आज ही बोट..."

मुनसामींनी तिला डोळ्यानं गप्प केलं. पडद्यावर कुठलातरी बर्फाचा मुलूख पसरला होता.

भाषण संपलं. एपेलींनी मान वर केली. "मधेच उठलीस, पोरी?"

"उठले, आजोबा."

"बोट?"

"लागली."

म्हाताऱ्यानं परातीत करवंटी बुडवली, काठोकाठ भरली आणि मंत्र्यांच्या सचिवाची पाळी डावलून आधी तिच्याकडं पाठवली. मग ब्रेंडनकडं वळून म्हणाला, "ते बंद कर रे. आम्हाला टाळ्या वाजवायच्यात."